सध्या पोरं काय खेळायलेत, आणि जुन्या फोन-पीसीवर त्यातलं काय चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मराठवाड्यात सध्या पोरं कोणते गेम खेळायलेत? माझ्याकडं ४ जीबी रॅमचा, हेलिओ जी८५ चिपचा फोन आहे. फ्री फायर बरं चालतं, पण बीजीएमआय पंधरा मिनिटांनी अडकायला लागतं. घरात एक जुना आय५ डेस्कटॉपही पडून आहे. एसटीचा आणि शेतीचा गेम म्हणतात तो कोणता? आणि खर्च करायचा तर फोनवर करू की पीसीवर?"

यादी आधी सांगून टाकतो. हिंगोलीकडचं गाव असो की संभाजीनगरचं हॉस्टेल, मोबाइलवर पहिले दोन नंबर फ्री फायर मॅक्स आणि बीजीएमआयचे (म्हणजे पब्जीची भारतीय आवृत्ती); दोन्ही शेवटपर्यंत टिकायचे गोळीबाराचे गेम. त्यांच्यामागं रिअल क्रिकेट आणि डब्ल्यूसीसी ३ (वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप), बारक्या पोरांत इंडियन बाइक ड्रायव्हिंग थ्रीडी, आणि घरात सगळे मिळून लुडो किंग. पीसीवर जीटीए सॅन अँड्रियास, जीटीए ५, व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, युरो ट्रक सिम्युलेटर २, आणि २००६ साली आलेलं क्रिकेट ०७, ज्यात पोरं दरवर्षी नवे संघ आणि जर्सी पॅच करून टाकतात. शहरात तासावर प्लेस्टेशन देणाऱ्या पार्लरमध्ये फुटबॉल, डब्ल्यूडब्ल्यूई आणि टेकन. एसटीचा गेम म्हणजे बस सिम्युलेटर इंडोनेशिया, शेतीचा म्हणजे फार्मिंग सिम्युलेटर. त्या दोन्हींवर खाली जास्त लिहिलं आहे, कारण फसवाफसवी तिथंच जास्त चालते.

आपल्याकडं कोणता गेम चालेल हे आवडीपेक्षा फोनची स्टोरेज, गावातला टॉवर आणि घरातली लाईट हे तिघं ठरवतात. फ्री फायर जास्त दिसतं त्यामागं हेच आहे. एका मॅचमध्ये ५० खेळाडू, नकाशा लहान, दहा-पंधरा मिनिटांत निकाल. क्लॅश स्क्वॉडमध्ये तर चार विरुद्ध चार, ज्यांनी आधी चार राउंड मारले ते जिंकले. बीजीएमआयचा एरँगल नकाशा ८ बाय ८ किलोमीटरचा, त्यात १०० खेळाडू, आणि शेवटच्या झोनपर्यंत टिकलात तर अर्धा तास. तेवढा वेळ फोनचा प्रोसेसर, ग्राफिक्स आणि नेटवर्क सगळंच ताणलेलं राहतं. लातूरच्या ट्यूशनवाल्यांत क्लॅश स्क्वॉड आणि बीजीएमआयचं टीडीएम (दोन संघांची समोरासमोर लढत) चालतं ते वेळेमुळं: टीडीएम ४० किलला किंवा १० मिनिटांना संपतं.

एक गोष्ट इथंच. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आलं, वर्षभरानं तेही स्टोअरवरून काढलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. मूळ फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झालं, मॅक्स मात्र स्टोअरवर राहिलं. म्हणजे आज दोन्ही गेम प्ले स्टोअरवरून सरळ मिळतात. ग्रुपवर फिरणारी 'जुनी फ्री फायर' किंवा 'ग्लोबल पब्जी'ची एपीके (स्टोअरबाहेरून टाकायची अॅपची फाइल) टाकायचं काही कारण उरलेलं नाही. अशी फाइल एसएमएस वाचायची किंवा अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर तिचा डोळा तुमच्या ओटीपीवर आहे असंच समजा.

आता तुमचं अडकणं. 'लॅग' म्हणून जे सांगितलं जातं ते तीन वेगळे आजार असतात आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. ओळखायचं असं. बीजीएमआयच्या ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा आणि कोपऱ्यातला पिंगचा आकडा (सर्व्हरशी जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) बघत पळा, गाडी चालवा, स्कोप उघडा. आकडा हिरवा, पन्नास-साठच्या आत आहे आणि तरी चित्र तुटक दिसतंय, तर दोष फोनचा. चित्र गुळगुळीत आहे पण पळता पळता खेळाडू मागं ओढला जातो, दार उघडून परत बंद होतं, समोरच्याला गोळ्या लागूनही डॅमेज दिसत नाही, तर दोष नेटवर्कचा. आणि सुरुवातीला दोन्ही ठीक, पण पंधरा-वीस मिनिटांनी फोन हाताला चटका द्यायला लागला की मग तुटक होतं, तर ती उष्णता. तुम्ही लिहिलेलं वर्णन तिसऱ्याशी जुळतं, पण हेलिओ जी८५ वर पहिलंही थोडं असणारच.

फोनचा दोष कमी करायला बीजीएमआयमध्ये ग्राफिक्स स्मूद ठेवा, सुपर स्मूद दिसत असेल तर तेच. अँटी-अलायझिंग बंद, सावल्या बंद, ग्राफिक्स आपोआप बदलण्याचा पर्याय बंद. फ्रेम रेटच्या (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याच्या) नावांमागचे आकडे असे: हाय म्हणजे ३०, अल्ट्रा म्हणजे ४०, एक्स्ट्रीम म्हणजे ६०. जी८५ वर अल्ट्रा निवडलं तर आकडा ४० आणि २५ च्या मधे हेलकावे खातो, आणि हेलकाव्यांत नेम बसत नाही. त्यापेक्षा स्थिर ३० वर बोटाला सवय लवकर लागते.

घरं उशिरा दिसणं, पॅराशूटनं उतरल्यावर भिंती मेणासारख्या गुळगुळीत दिसणं, लूट दोन सेकंदांनी उगवणं, हे रॅमपेक्षा स्टोरेजचं दुखणं आहे. जी८५ च्या फोनांत ईएमएमसी प्रकारची स्टोरेज असते, ती यूएफएसपेक्षा हळू वाचते, आणि भरत आली की आणखी हळू होते. ६४ जीबीचा फोन असेल तर १०-१२ जीबी कायम रिकामे ठेवा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून मोठ्या फाइल आणि शुभ सकाळचे फोटो उडवलेत तरी बऱ्याच वेळा तेवढी जागा निघते. फोनमध्ये 'रॅम वाढवा' म्हणून जो पर्याय असतो तो बंद करा. तो स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतो, आणि ईएमएमसीवर गेमच्या वाचनाशी त्याचीच धक्काबुक्की होते. जाहिरातीतल्या '४ + ४ जीबी'मधले दुसरे चार गेमच्या उपयोगाचे नाहीत. बीजीएमआयच्या रिसोर्स पॅकमधून फक्त जे नकाशे खेळता तेच ठेवा; एरँगल आणि लिविक पुरतात.

फ्री फायर मॅक्समध्ये ग्राफिक्स स्मूद, 'हाय रेझोल्यूशन' नॉर्मलवर आणि 'हाय एफपीएस' हायवर ठेवा. हे उलटं ठेवणारे बरेच दिसतात: चित्र सुंदर, पण ग्लू वॉल (आडोशाची भिंत) पडायला उशीर. हेडशॉटसाठी डेव्हलपर ऑप्शनमधला डीपीआय (स्क्रीनवरच्या गोष्टींचा आकार ठरवणारा आकडा) वाढवायचा सल्ला जिथं तिथं मिळतो. फायर बटण वर ओढताना नजर लवकर सरकावी एवढाच त्याचा उद्देश, आणि तेच काम गेममधल्या सेन्सिटिव्हिटीनं होतं. डीपीआय बदलायचाच असेल तर 'स्मॉलेस्ट विड्थ'चा मूळ आकडा आधी कागदावर लिहून ठेवा. एकदम मोठा आकडा टाकला तर अक्षरं इतकी बारीक होतात की परत तो पर्याय शोधणंही अवघड जातं.

उष्णतेकडं येऊ, कारण आपल्या भागात निम्म्या तक्रारी एप्रिल-मेमध्येच सुरू होतात. बाहेर ४१-४२ अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि फोनला आपली उष्णता टाकायला थंड हवाच नाही. बॅटरीचं तापमान चाळिशीच्या पुढं गेलं की फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग आणि स्क्रीनचा उजेड उतरवतो, चार्जिंगही मंद करतो. गेम तिथं अडकतो. उपाय साधे, पण सगळे एकदम करावे लागतात: मागचं कव्हर काढा, ब्राइटनेस साठ टक्क्यांच्या आत ठेवा, गादीवर किंवा उशीवर फोन टेकवू नका, आणि चार्जिंगला लावून अजिबात खेळू नका. चार्जिंगची आणि गेमची उष्णता एकाच बॅटरीवर पडली की काही काळानं तिचं पोट फुगू शकतं, मागचं झाकण उचललं जातं. फुगलेली बॅटरी दाबून बसवायची नसते, बदलायचीच असते. इन्फिनिक्सच्या काही फोनांत बायपास चार्जिंग आहे. त्यात करंट बॅटरीला वगळून थेट फोनला मिळतो, तिथं वायर लावून खेळायला हरकत नाही.

कूलरसमोर बसून खेळायला काही अडचण नाही. फोन फ्रीजमध्ये ठेवणं, बर्फाची पिशवी लावणं मात्र टाळा. गरम फोन अचानक थंड झाला की आत दव धरतं आणि चार्जिंगच्या तोंडाशी किंवा डिस्प्लेच्या कडेला ओल जाते. मागं चिकटवायचे जे छोटे इलेक्ट्रिक कूलर मिळतात त्यांतले नुसत्या पंख्याचे बिनकामाचे, गार पट्टीचे कामाचे. पण पावसाळ्याच्या दमट हवेत त्यांच्या पट्टीवरही थेंब जमतात. मधेमधे पुसत राहा.

नेटवर्कच्या बाबतीत चोर बऱ्याचदा ५जी असतं. तालुक्याच्या गावात ५जी चांगलं, पण वस्तीवर त्याचा एखादाच दांडा येतो. फोन ५जी-४जी-५जी अशा उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला पिंग तीनशेवर जातो. सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ४जी ठेवून बघा. तरी फोन ३जी-२जीकडं घसरत असेल तर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून फोन इन्फर्मेशनमध्ये 'एलटीई ओन्ली' (फक्त ४जी) निवडता येतं. काही कंपन्यांच्या फोनांत हा पर्याय लपवलेला असतो. एलटीई ओन्ली केल्यावर व्होल्टी (४जीवरून कॉल) चालू आहे ना ते बघा, नाहीतर घरचे फोन लागतच नाहीत. दोन सिम असतील तर दुसऱ्या सिमवर कॉल सुरू होताच अनेक फोनांत पहिल्याचा डेटा थांबतो. त्यासाठी रँक मॅचपुरतं दुसरं सिम बंद ठेवतात. संध्याकाळी आठ ते अकरा टॉवरवर सगळ्या गावाचा भार असतो. त्या वेळचा पिंग कुठल्याही सेटिंगनं सुधारत नाही.

डेटा गेममध्ये जातो असं आई-वडलांना वाटतं, पण प्रत्यक्ष खेळायला बीजीएमआय तासाला साधारण शंभर एमबीच्या आसपास किंवा त्याहून कमी घेतं. डेटा खातात ते अपडेट आणि यूट्यूबवरचे स्ट्रीम. रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनवर मोठं अपडेट घ्यायचं तर साडेअकराला सुरू करा. आजचा उरलेला कोटा संपेपर्यंत बारा वाजतात, नवा कोटा सुरू होतो आणि डाउनलोड पुढं चालू राहतं. प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद ठेवा, नाहीतर सकाळीच कोटा संपलेला असतो.

आवाजाचं एक: साध्या ब्लूटूथ इअरबड्समध्ये आवाज पाव सेकंदाच्या आसपास उशिरा येतो. बीजीएमआयमध्ये पावलं ऐकू येईपर्यंत समोरचा दारात उभा असतो. रिअल क्रिकेटमध्ये बॅटचा आवाज ऐकून टायमिंग धरायला गेलात तर प्रत्येक शॉट लेट. तारेचे इअरफोन घ्या, विषय संपला.

पैशांबद्दल दोन-तीन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. पैसे भरून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन गेम त्यात बंद झाले, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. रमी आणि फँटसीवाले थांबले, पण टेलिग्राम-व्हॉट्सअॅपवर 'कस्टम रूम, एन्ट्री ५० रुपये, विनरला ५००' अजून चालूच आहे. कायद्याच्या दृष्टीनं त्यात नसती जोखीम आहे, आणि व्यवहार म्हणूनही ते पोकळ आहे. रूमचा आयडी येतो, मॅचही होते, पण बक्षीस द्यायच्या वेळी ग्रुप डिलीट होतो, आणि यूपीआयनं आपणहून पाठवलेले पैसे परत मिळवायला दमछाक होते. 'अर्ध्या भावात डायमंड' (फ्री फायरमधलं चलन) हाही असाच प्रकार. चोरीच्या कार्डानं किंवा नंतर रिफंड मागून केलेला टॉप-अप उलटला की दंड तुमच्या आयडीला बसतो. टॉप-अपला फक्त यूआयडी (गेममधला तुमचा नंबर) लागतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा माणूस दुकानदार नव्हे. गेस्ट खात्यावर खेळत असाल तर आजच गुगलला जोडा, कारण फोन रीसेट झाला की गेस्ट खातं गेलं. विकत घेतलेली आयडी मूळ मालक कधीही रिकव्हरी करून ओढून घेतो. आणि 'पॅनेल', 'रेजेडिट' असे हॅक टाकून बॅन बसला तर तो नुसत्या आयडीपुरता राहील याची खात्री नाही. बीजीएमआयमध्ये फोनच बॅन होतो, नवी आयडी काढून काही उपयोग नाही.

बस सिम्युलेटर इंडोनेशिया हा मालेओ कंपनीचा गेम, २०१७ पासून आहे. इंडोनेशियातही गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, रस्ते अरुंद, दुचाक्यांची गर्दी. त्यामुळं आपल्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. लालपरी, शिवशाही असं जे व्हिडिओत दिसतं ते मूळ गेममध्ये नसतं. ते पोरांनी बनवलेले मॉड आणि लिव्हरी असतात. मॉड म्हणजे बसची अख्खी बॉडी, लिव्हरी म्हणजे तिच्यावरचा रंग. मॉडची खरी फाइल '.बसिडव्हेइकल' किंवा जुनी असेल तर '.बसिडमॉड' अशा शेपटीची असते; इंग्रजीत सलग, मधे जागा न सोडता लिहिलेली. झिप किंवा सेव्हन-झिप आली तर झेडआर्काइव्हर अॅपनं सोडवा आणि आतली ती एकच फाइल गेमच्या मॉड्स फोल्डरमध्ये ठेवा. मग गेम पूर्ण बंद करून उघडा, गॅरेजमध्ये मॉड गाड्यांच्या भागात ती दिसते.

दिसली नाही तर बहुतेक वेळा फाइल अर्धवट उतरलेली असते किंवा आतल्या फोल्डरसकट टाकलेली असते. बसच्या खिडक्यांवर लाल पट्टा किंवा नंबरप्लेट छतावर, असं झालं तर लिव्हरी दुसऱ्या मॉडेलची आहे. प्रत्येक बॉडीवर रंग कुठं बसतो ते वेगळं असतं. ४ जीबीच्या फोनवर एका वेळी पाच-सहाच मॉड ठेवा आणि ट्रॅफिक कमी करा, नाहीतर बसस्थानकातून बाहेर पडतानाच गेम बंद होतो. पूर्ण ओबीबी (गेमची मोठी डेटा फाइल) बदलून भारतीय ट्रॅफिक टाकायचे जे मॉड आहेत ते पुढच्या अपडेटला मोडतात. त्यांच्या वाटेला जायचं तर मूळ ओबीबीची प्रत बाजूला ठेवा. मॉडच्या लिंकवर 'आधी हे अॅप इन्स्टॉल करा' आलं की परत फिरा, मॉडला कुठलंही अॅप लागत नाही.

फार्मिंग सिम्युलेटर हा स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा. त्यातला २५ क्रमांकाचा नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. त्यात भात आणि म्हशीसुद्धा आहेत. तुमच्या पीसीसाठी मात्र २२ क्रमांकाचा बघा: किमान आय५-३३३० प्रोसेसर, जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ३५ जीबी जागा. सोयाबीन, कापूस, ऊस ही आपली तिन्ही पिकं त्यात आहेत, पण युरोप-अमेरिकेच्या पद्धतीनं. सोयाबीन पावसाची वाट न बघता वसंतात प्लँटरनं टोकायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हार्वेस्टरनं काढायचं. कापूस वेचायला मजूर नाहीत. गाठी बांधणारं भलं मोठं यंत्र लागतं, आणि ते गेममधल्या महागड्या यंत्रांपैकी आहे. ऊस एकदा लावला की तोडणीनंतर खोडवा फुटतो, हे मात्र अगदी आपल्यासारखं. त्याच्या लागवड यंत्रात बेणं म्हणून ऊसच भरावा लागतो. नवखे लोक त्यात बियाण्याची पोती ओतायला जातात आणि यंत्र घेत नाही म्हणून गेमला नावं ठेवतात.

सुरुवात 'न्यू फार्मर'नं करा, त्यात शेत, ट्रॅक्टर आणि थोडी रक्कम मिळते. पहिलं पीक गहू किंवा सोयाबीन घ्या, ऊस-कापसाच्या मागं लगेच लागू नका. त्यांची यंत्रं दुसऱ्या पिकाला चालत नाहीत आणि कर्ज अंगावर बसतं. पैसे जमवायला दुसऱ्यांच्या शेतातली कंत्राटं घ्या, अवजारं भाड्यानं मिळतात. बटणं चारच पाठ करा: क्यूनं अवजार जोडायचं, व्हीनं खाली करायचं, बीनं चालू करायचं, एचनं मजुराच्या ताब्यात द्यायचं. उतारा कमी येतो तो बहुधा खताच्या दुसऱ्या फेरीला कंटाळा केल्यामुळं, तण राहिल्यामुळं किंवा तीन पिकांनंतर चुना न टाकल्यामुळं. नकाशाच्या मेन्यूत जमिनीची अवस्था रंगात दिसते, पेरणीआधी ती बघायची सवय लावा.

महिंद्रा, स्वराज यांचे ट्रॅक्टर मॉड म्हणून मिळतात. इथला नियम बसच्या उलट आहे: झिप सोडवायची नाही, तशीच 'डॉक्युमेंट्स', 'माय गेम्स', गेमच्या नावाचं फोल्डर आणि त्यातलं 'मॉड्स' इथं ठेवायची. अपवाद फक्त नावातच 'अनझिप करा' लिहिलेल्या फाइलचा. ती सोडवून आतली झिप ठेवायची. एकच मॉड दोनदा डाउनलोड केलात की विंडोज नावापुढं कंसात आकडा लावतं, आणि तेवढ्यानं गेम ती फाइल नाकारतो. नाव पूर्ववत केलं की चालते. १९ चा मॉड २२ मध्ये दिसत नाही. तरी अडलं तर गेमच्या नावाच्या फोल्डरमधली लॉग फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एररच्या ओळीत मॉडचं नाव असतं. मोबाइलसाठी अधिकृत छोट्या आवृत्त्या आहेत, पण त्यांत मॉड चालत नाहीत. 'मोबाइलवर भारतीय ट्रॅक्टरसह' म्हणून जी एपीके दाखवतात ती छेडछाड केलेली असते. 'अँड्रॉइडसाठी जीटीए ५, फक्त ३०० एमबी' त्याच जातीची. जीटीए ५ मोबाइलवर आलेलाच नाही.

खर्च फोनवर की पीसीवर? मित्रांबरोबर बीजीएमआय रँक पुश करायची असेल तर फोन. हेलिओ जी९९, डायमेन्सिटी ६३०० किंवा स्नॅपड्रॅगन ६९५, सोबत ६-८ जीबी खरी रॅम आणि यूएफएस २.२ स्टोरेज, एवढं बघा. स्नॅपड्रॅगन ६८० नावाला भुलू नका, त्याचं ग्राफिक्स कमजोर आहे. घेण्याआधी जायरोस्कोप (फोन वळवला की ओळखणारा सेन्सर) खरा आहे का ते दुकानातच सेन्सर तपासणाऱ्या अॅपवर बघा. स्वस्त फोनांत तो नसतो, आणि बीजीएमआयमध्ये स्कोपचा रिकॉइल (बंदुकीचा झटका) सावरायला तोच लागतो. फार्मिंग, ट्रक, जीटीए, व्हॅलोरंट यांपैकी काही हवं असेल तर पीसीवर लावलेला पैसा जास्त टिकतो. बीजीएमआय मात्र पीसीच्या एम्युलेटरवर (पीसीत फोन भासवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवायला जाऊ नका, त्याला परवानगी नाही आणि आयडी जाते.

जुन्या आय५ला पहिला खर्च २५६ जीबी एसएसडीचा, दुसरा रॅम ८ जीबी करण्याचा. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या बोर्डाला डीडीआर३ प्रकारची रॅम लागते. डीडीआर४ खाचेतच बसत नाही. एक ८ ची पट्टी घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा, ग्राफिक्स कार्ड नसताना त्याचा फरक डोळ्यांना दिसतो. एवढ्यावर सॅन अँड्रियास, क्रिकेट ०७, माइनक्राफ्ट, कमी सेटिंगवर युरो ट्रक आणि व्हॅलोरंट चालतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, फायबरवर पिंगची चिंता नाही. पण या मशीनवर जबरदस्तीनं विंडोज ११ टाकलंत तर व्हॅलोरंटचं अँटी-चीट (हॅक पकडणारं सॉफ्टवेअर) टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डावरच्या सुरक्षा सोयी मागतं आणि गेम उघडत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. म्हणून त्यावर राहायचं तर बँकेचे व्यवहार त्या पीसीवर करू नका.

फार्मिंगसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना कॅबिनेट आधी बघा. कार्यालयातून निघालेले बारीक डेस्कटॉप असतील तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच बसतं, आणि त्यांचा कमी वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कार्डाला जादा पिनची जोडणी देत नाही. म्हणून ७५ वॉटच्या आतलं, स्लॉटमधूनच वीज घेणारं कार्ड: जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, किंवा जोडणी न लागणारं जीटीएक्स १६५०. जीटी १०३० घ्यावं लागलं तर जीडीडीआर५ वालंच, डीडीआर४ वालं फार मंद आहे. आरएक्स ६४०० नवं दिसतं, पण जुन्या बोर्डावर त्याची डेटाची वाट अरुंद पडते. ऑनलाइन किंवा सेकंडहँड '१०५० टीआय' अतिशय स्वस्त मिळत असेल तर पाठीमागचे पोर्ट बघा. व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय धरा. जुन्या चिपवर बायोस बदलून नाव चिकटवलेलं असतं. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवलं की खरं कळतं. १०५० टीआयमध्ये ७६८ शेडर हवेत, आणि बनावट कार्डाला ते सॉफ्टवेअर नावाआधीच 'फेक' लिहून दाखवतं.

लाईटचं शेवटी. साधा ६०० व्हीएचा यूपीएस पाच-दहा मिनिटं देतो, तेवढ्यात गेम सेव्ह करून मशीन बंद करायचं; मॅच संपवायला तो नसतो. राउटरला वेगळा छोटा डीसी यूपीएस घ्या, पण आधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्ट दिलं तर तो सतत रीस्टार्ट होत राहतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील किंवा हेडफोनमध्ये घरघर असेल तर बहुधा घराला अर्थिंग नाही किंवा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता, आणि तरी झिणझिण्या राहिल्या तर वायरमनकडून अर्थिंगची तार तपासून घेतल्याशिवाय नवं कार्ड बसवू नका.